इंजिन थांबल्यानंतर

विद्युत मंडळाच्या नोकरीत माझी चौतीस वर्षे गेली. त्यांतली बहुतेक उपकेंद्रांत, रिलेंच्या संगतीत. उपकेंद्रातला रिले हा एक पहारेकरी असतो. वाहिनीवर दोष आला की त्याने तो क्षणार्धात ओळखावा आणि पुरवठा तोडायला लावावा. शंका आली की बंद करणे, हा त्याचा धर्म. एवढ्या सहवासाने तो माझाही स्वभाव झाला. घरात तार जळाल्याचा नुसता भास झाला तरी मी आधी मुख्य स्विच बंद करतो आणि कारण मागाहून शोधतो. घरच्यांनी यावरून माझी पुष्कळ थट्टा केली आहे. याच स्वभावापायी माझ्या नातवाच्या गाडीचे इंजिन निकामी झाले, त्याची ही हकीकत.

नातू इथे इंदुरातच अभियांत्रिकी शिकतो. त्याच्या महाविद्यालयातल्या मुलांचा एक संघ शर्यतीची गाडी बांधतो. एका आसनाची, उघड्या चाकांची, मोटारसायकलच्या इंजिनावर चालणारी. कोईमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा होते, तिच्यासाठी हा सारा खटाटोप. या स्पर्धेत वेगापेक्षा टिकून राहण्याची कसोटी मोठी. सुमारे 22 किलोमीटरची दौड. मध्यावर इंजिन बंद करून चालक बदलायचा आणि तेच तापलेले इंजिन पुन्हा सुरू करायचे. इंजिनात थंड ठेवणारी औषधी द्रव्ये मिसळण्याची परवानगी नाही. पाणी घालायचे ते साधेच.

हे पाणी इंजिनातून रेडिएटरकडे आणि तिथून परत फिरते राहण्यासाठी पंप लागतो. अगदी आरंभीच्या काही गाड्या सोडल्या, तर फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला पंपच नव्हता. गरम पाणी वर जाते आणि थंड पाणी खाली येते, एवढ्या निसर्गनियमावर ती गाडी चालत असे. पुढे इंजिनाच्याच गतीवर फिरणारे पंप रूढ झाले. त्यांची अडचण अशी, की इंजिन मंद झाले की पंपही मंद होतो आणि इंजिन थांबले की तोही थांबतो. मुलांनी म्हणून इंजिनातला पंप काढून त्याची जागा बंद केली आणि बाहेर 12 व्होल्टचा विजेचा पंप बसवला. 2009 च्या टोयोटा प्रायसमध्येही पंप विजेवरच चालत असे, हे नातवाने मला मोठ्या उत्साहाने सांगितले.

जोडणीचा आराखडा मात्र त्याने माझ्याकडे आणला. “आजोबा, रिलेचं तुम्हीच बघा,” असे तो म्हणाला, तेव्हा निवृत्तीनंतर प्रथमच कुणीतरी मला कामाचे काही विचारत होते. महाराणी रोडवरच्या दुकानातून मी स्वतः रिले आणला. तारेच्या जाडीचा हिशेब केला. येऊनजाऊन तीन मीटर तार, 7 अँपिअर प्रवाह. पाऊण चौरस मिलिमीटरच्या तारेत जवळजवळ अर्धा व्होल्ट वाया जातो, म्हणून दोन चौरस मिलिमीटरची तार घेतली. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ ठेवला, कारण फ्यूजच्या अलीकडची तार बिनसंरक्षणाची राहते. इथवर सारे ठीक होते. मग मी रिलेच्या गुंडाळीला वीज दिली ती चावीच्या तारेवरून. चावी बंद, की गुंडाळी मोकळी, की पंप बंद. बॅटरी लहान आहे, ती विनाकारण उतरू नये, असा माझा विचार. आराखड्याच्या कोपऱ्यात मी सवयीने सहीसुद्धा केली.

सरावाच्या दिवशी मी मैदानावर हजर होतो. 11 किलोमीटर झाले, गाडी आत आली, चालकाने चावी बंद केली. दुसऱ्या मुलाच्या खांद्याचा पट्टा कुठेतरी अडकला आणि तो सोडवण्यात सहासात मिनिटे गेली. तापमापक पाहणारा मुलगा समाधानाने म्हणाला, “पाणी उतरतंय.” गाडी सुरू झाली, अर्धी फेरी गेली आणि मागून पांढऱ्या वाफेचा लोट निघाला. सिलिंडर हेडचे गॅस्केट गेले होते. खोलून पाहिले तेव्हा हेडही वाकलेले निघाले.

कारण समजायला वेळ लागला नाही. इंजिन थांबले म्हणून त्याची उष्णता थांबत नाही. ज्वलनकक्षाभोवतीचा धातू पाण्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. पाणी फिरते आहे तोवर ते ती उष्णता वाहून नेते. ते थबकले, की तिथल्या तिथे उकळू लागते; वाफेचे खिसे तयार होतात आणि वाफ पाण्याइतकी उष्णता घेऊ शकत नाही. आणि तापमापक? त्याचा संवेदक बाहेरच्या नळीत होता. नळीतले पाणी स्थिर झाल्यावर तो नळीचेच तापमान सांगत राहिला. आत हेड वाकत असताना बाहेर आकडा उतरत होता.

संघाने वर्गणी करून घेतलेले ते इंजिन होते. त्या वर्षी संघ स्पर्धेला गेला नाही. मला अधिक लागले ते दुसरेच. माझी सही असलेला कागद सर्वांच्या समोर होता, तरी नातवाने मित्रांजवळ माझे नाव काढले नाही. घरीही तो काही बोलला नाही. आठवडाभर आम्ही एकमेकांशी फक्त जेवणाखाणाचे बोललो.

त्या आठवड्यात मला माझ्याच उपकेंद्रातले मोठे रोहित्र आठवले. तेलाचे पंप आणि पंखे लावून ते थंड ठेवायचे, आणि भार काढल्यावरही काही वेळ ते पंखे चालू ठेवायचे, हे मी कनिष्ठ अभियंत्यांना स्वतः शिकवले होते. वाहिनीच्या बाबतीत सुरक्षित अवस्था म्हणजे ‘बंद’. शीतनाच्या बाबतीत सुरक्षित अवस्था म्हणजे ‘चालू’. दोन्ही नियम मला ठाऊक होते. त्यांतला स्वभावाला जवळचा तेवढा मी उचलला. आणि बॅटरीचा हिशेब? 7 अँपिअरचा पंप तीन मिनिटे चालला तर 0.35 अँपिअर-तास वीज खर्च होते. त्या लहानशा बॅटरीलाही ते जड नव्हते. तारेच्या जाडीचा हिशेब मी दोनदा केला. हा एकदाही केला नाही.

आठव्या दिवशी मीच त्याच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, “चूक माझी होती. नवा आराखडा करू या. पण या खेपेस तू काढ, मी तपासतो.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने टेबलाच्या खणातून एक कागद काढला. आराखडा त्याने आधीच काढून ठेवला होता.

त्यात चावीचा संबंध नव्हता. वीज बॅटरीवरून फ्यूजमार्गे मुख्य स्विचला आणि तिथून थेट रिलेच्या 30 क्रमांकाच्या टोकाला. आग लागली किंवा नळी फुटली, तर मुख्य स्विचने सारेच बंद व्हावे, एवढा एक अपवाद. पंप जोडला होता 87 ला नव्हे, 87अ ला. म्हणजे गुंडाळीत वीज नसताना जे टोक आपोआप जोडलेले असते, त्याला. नियंत्रकाने गुंडाळीला वीज दिली तर पंप थांबणार. नियंत्रक बिघडला, गुंडाळीची तार तुटली, तर पंप चालूच राहणार. संवेदक इंजिनाच्या मुखाशी, वाहत्या पाण्यात. इंजिन थंड असताना पंप थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. अगदीच बंद ठेवला तर आतले गरम पाणी संवेदकापर्यंत पोहोचणारच नाही. 80 अंशांच्या वर तो अखंड.

मी एक शंका काढली, की हे टोक नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर जोडलेले राहते, गाडीच्या हादऱ्यांनी ते क्षणभर सुटू शकेल. त्याने ती मानली आणि रिले रबराच्या गादीवर बसवायचे ठरले. मग त्याने मला विचारले, “आजोबा, संवेदकाचीच तार तुटली तर?” मी म्हणालो, नियंत्रकाला काहीच कळणार नाही. तो हसला. या जातीच्या संवेदकाचा रोध थंडीत वाढतो. तार तुटली म्हणजे रोध अमर्याद. नियंत्रक समजणार की पाणी बर्फाहून थंड आहे, आणि पंप थांबवणार. म्हणून त्याने नियंत्रकाला शिकवून ठेवले होते, की इंदुरात संभवत नाही इतकी थंडी दिसली, तर ती खोटी समजायची आणि पंप चालू ठेवायचा. हे मला सुचले नसते. मी त्या कागदावर सही केली नाही; त्याला करायला सांगितली.

हे सारे जुळवीत असताना मला माझ्या आजोबांची आठवण झाली. ते होळकर दरबारच्या दप्तरात कारकून होते. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. त्यानंतरही कित्येक महिने ते ठरल्या वेळी पगडी घालून दप्तरात जात आणि कागदांच्या याद्या करून नव्या लोकांच्या स्वाधीन करीत. “संस्थानच राहिले नाही, आता कसले दप्तर?” असे आजी म्हणे, तेव्हा ते सांगत, “कागद आहेत ना अजून.” आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी व्यक्ती होऊन गेली असेल.

भंगारबाजारातून दुसरे इंजिन मिळाले. चार महिन्यांनी त्याच मैदानावर पुन्हा चाचणी झाली. 11 किलोमीटर झाल्यावर गाडी आत आली आणि चालकाने चावी बंद केली. मुलांनी या वेळी मुद्दामच सात मिनिटे थांबायचे ठरवले होते. कुणी बोलत नव्हते. इंजिनाचा आवाज विरला आणि त्याखाली इतका वेळ झाकलेला एक बारीक गुणगुणाट ऐकू येऊ लागला. मी कान देऊन उभा राहिलो. नातू आकड्याकडे पाहत नव्हता. त्याने एक हात रेडिएटरच्या नळीवर ठेवला होता. थोड्या वेळाने त्याने मला जवळ बोलावले आणि माझा हात धरून त्या नळीवर ठेवला. पाणी वाहत होते.