व्हायोलिन नेमकं कुणाचं?

खरं सांगते, ‘ब्रिटिश बाई सोवेटोतल्या मुलांना व्हायोलिन शिकवते’ हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मी चक्क नाक मुरडलं होतं. म्हटलं, झालं! आता मोझार्ट ऐकवून यांचा उद्धार होणार!

मग स्टोरीसाठी वाचायला बसले आणि माझाच पोपट झाला.

रोझमेरी नाल्डन लंडनमध्ये व्हायोला वाजवायची. १९९२ मध्ये तिने बीबीसी रेडिओवर ऐकलं, की दक्षिण आफ्रिकेत, सोवेटोच्या डीपक्लूफमध्ये मुलांचा व्हायोलिनचा वर्ग अडचणीत आलाय. म्हणजे बघा, मुलं आधीपासून शिकतच होती! ही बाई गेली ती हाक ऐकून. तिने १२० वादक गोळा केले आणि ब्रिटनमधल्या रेल्वे स्टेशनांवर एकाच वेळी वाजवून पैसे जमवले. इमॅजिन करा, सकाळी साडेनऊला दादरच्या पुलावर बाख!

१९९७ मध्ये डीपक्लूफमध्ये तिची ‘बसकेड’ ही संगीतशाळा सुरू झाली. तिथली मोठी मुलं लहानांना शिकवायला लागली. काही जण तर व्हायोलिन दुरुस्त करायलाही शिकले. २००७ मध्ये ही मंडळी लंडनला बीबीसी प्रॉम्समध्ये जॉन एलियट गार्डिनरबरोबर वाजवून आली. आणि फक्त युरोपातलं जुनं संगीत नाही हं, त्यांच्या गल्लीतलं ‘क्वेला’सुद्धा त्याच व्हायोलिनवर वाजतं.

तेव्हा मला माझं व्हायोलिन आठवलं. क्लासमध्ये सतरंजीवर मांडी घालून, त्याचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून आम्ही यमन घोटायचो. हे वाद्य परक्याचं आहे, असं एकदाही मनात आलं नाही. मग सोवेटोच्या मुलांनाच मी हा प्रश्न का विचारत होते?

माझं व्हायोलिन दहावीला माळ्यावर गेलं, ते गेलंच. अभ्यास हे निमित्त. खरं म्हणजे, मी आले नाही तर कुणाचं अडेल, असं तिथे काहीच नव्हतं. डीपक्लूफमध्ये मोठ्यांनी दांडी मारली तर लहानांचा धडा राहतो. नाल्डनने मुलांना वाद्य दिलं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शिकवायची जबाबदारी दिली.

गेल्या रविवारी केस खाली काढली. तारा गंजलेल्या, बोचे केस झडलेले. शेजारची सात वर्षांची चिमुरडी दारातच उभी. “ताई, हे कसं वाजवतात गं?”

म्हटलं, “आधी मांडी घालून बस.”