पाण्यावरची पुस्तकांची जत्रा

पुस्तकांचे प्रदर्शन म्हटले की तालुक्याच्या गावी शाळेच्या पटांगणात ठोकलेला मंडप डोळ्यांपुढे येतो. पंढरपूरच्या वारीत पोथ्या आणि अभंगांची दुकाने लागतात, तीही आपल्या ओळखीची. पण भल्या मोठ्या बोटीवर पुस्तके मांडायची आणि ती बोट देशोदेशीच्या धक्क्यांना लावायची, हा प्रकार पुष्कळांना ठाऊक नसेल. ‘लोगोस होप’ हे त्या बोटीचे नाव. २०११ साली ती कोचीला आली तेव्हा आम्ही केरळातच होतो.

नारळाच्या प्रशिक्षणासाठी मी त्रिचूरला गेलो होतो. सौ., नववीतली मुलगी, धाकटा मुलगा आणि आमचे आबा असे सारे बिऱ्हाड बरोबर होते. सुट्टीच्या दिवशी भाकऱ्या बांधून घेतल्या आणि सकाळची गाडी धरली. एर्नाकुलम तेथून पाऊणशे किलोमीटर. बोट विलिंग्डन बेटाच्या धक्क्याला लागली होती. हे बेट मुळात फार लहान. इंग्रजी अमदानीत बंदर खोल करताना जो गाळ उपसला, तो टाकून ते वाढवले. आबांना बोटीपेक्षा याचेच नवल! “तळ्यातला गाळ आपण शेतात टाकतो, ह्यांनी त्याच्यावर गाव वसवलं,” ते म्हणाले.

बोट १३२ मीटर लांब. १९७३ साली जर्मनीत बांधली तेव्हा ती मोटारी आणि उतारू नेत असे. २००४ साली एका जर्मन धर्मादाय संस्थेने ती विकत घेतली, दुरुस्ती आणि फेरबदलात पाचेक वर्षे गेली आणि २००९ पासून ती पुस्तके घेऊन हिंडू लागली. संस्था ख्रिस्ती आहे, त्यामुळे धर्माची पुस्तके आहेतच. त्यांखेरीज विज्ञान, वैद्यक, स्वयंपाक, खेळ, शब्दकोश, मुलांची चित्रांची पुस्तके अशी सुमारे पाच हजार प्रकारची पुस्तके. या संस्थेची पहिली बोट ‘लोगोस’. ती १९८८ साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी खडकावर आदळली, पण माणसे सगळी वाचली.

तिकीट नाममात्र होते. शिडी चढताना सौ.ने माझा दंड घट्ट धरला होता. आत गेल्यावर मात्र बोटीवर आहोत हे ती विसरूनच गेली. पुस्तकांवर किंमत रुपयांत नसते. बोट दर पंधरवड्याला, महिन्याला नव्या देशात; नाणे किती वेळा बदलणार? म्हणून ‘युनिट’ लिहिलेले असतात आणि इतक्या युनिटांचे इतके रुपये, असा तक्ता भिंतीवर लावतात. धाकट्याने तोंडी हिशेब सुरू केला आणि आम्हाला पुस्तकाला हात लावणे मुश्कील केले.

मराठी पुस्तक आम्हाला एकही दिसले नाही. शेतीचेही हाती लागले नाही. आबा त्यामुळे जरा हिरमुसले.

बोटीवर सुमारे चारशे माणसे काम करतात. साठेक देशांतली, बहुतेक तरुण, आणि पगार नाही. बरीचशी दोन वर्षांसाठी आलेली. पुस्तके लावणारी एक मुलगी केनियाची होती. आबांनी नातीला पुढे केले. “विचार हिला, आईबाप काय करतात?” मुलीने शाळेतले इंग्रजी जुळवून विचारले. उत्तर आले, शेती. मका आणि थोडी गुरे. “मग इतक्या लांब सोडली कशी?” हा प्रश्न आमच्या मुलीने विचारला खरा, पण उत्तर सांगताना तिचा आवाज बदलला. आई नको म्हणत होती, वडिलांनी गाय विकून भाड्याचे पैसे दिले.

आमच्याकडे त्या वर्षी भावकीत एकच विषय होता: दहावीनंतर पोरीला कशाला शिकवायची? आबांचा कौलही तिकडेच होता. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. मुलगी मानवी शरीराच्या चित्रांचे जाड पुस्तक घेऊन उभी होती. मी पाकीट काढायच्या आत आबांनी कमरेची पिशवी सोडली. “किती युनिटं रे?” त्यांनी धाकट्याला विचारले. दहावीनंतरचा विषय घरात त्यानंतरही दोन वर्षे धुमसत राहिला, तो एका पुस्तकाने मिटणारा नव्हता. पण तो काढताना आबा पहिल्यासारखे जोरात बोलत नसत.

ही बोट आपल्या सोयीने येत नाही. मराठी पुस्तके पाहायची असतील तर सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळचे भिलार गाठावे. ४ मे २०१७ रोजी ते पुस्तकांचे गाव म्हणून सुरू झाले. गावकऱ्यांच्या घरांत, ओसरीवर पुस्तके ठेवलेली आहेत. कुणीही बसून वाचावे, पैसे पडत नाहीत. गाव स्ट्रॉबेरीचे आहे. डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान गेलात तर वाफे, आच्छादन आणि ठिबकची मांडणीही पाहून होईल. मालकाला विचारल्याशिवाय फळ मात्र तोडू नका.