दम

मराठीतला ‘दम’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. आपल्याला दम लागतो, आपण घटकाभर दम खातो, दुसऱ्याला दम देतो आणि वेळ आली की दम धरतोही. श्वास, धाक, धीर, ताकद असे सारे काही या दोन अक्षरांत मावते. आमच्या घरी मात्र गेली काही वर्षे या शब्दाला एकच अर्थ उरला होता. आजीला दम लागतो!

आजीने उभ्या जन्मात विडीला हात लावला नाही. पण लग्न होऊन आल्यापासून चाळीस वर्षे ती चुलीपुढे बसली. ओली लाकडे, हातात फुंकणी आणि डोळ्यांत धूर. दवाखान्यात तिला यंत्राच्या नळीत जोराने फुंकायला लावले, तेव्हा ती म्हणाली, “जन्मभर फुंकतच तर आलेय!” निदान झाले ‘सीओपीडी’. श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या. नुसत्या चुलीच्या धुराने हा आजार जडतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही आजीला जपू लागलो. पाण्याचा तांब्या हातात, जेवणाचे ताट पुढ्यात, देवळात जाणे बंद. “आजी, तू उठू नकोस, मी आणते,” हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणत असे आणि मनातून स्वतःवर खूशही होत असे. एवढे करूनही दम वाढतच गेला. अखेर अंगणातल्या तुळशीला पाणी घालणेही तिला जमेना.

डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. तिथल्या बाई छाती तपासतील असे मला वाटले होते. त्यांनी आधी आजीच्या हाताची पकड यंत्रावर मोजली. मग तिला खुर्चीवर बसवून घोट्यापाशी पट्टा लावला आणि पाय जोराने सरळ करायला सांगितले. त्यानंतर हातांची घडी छातीशी घालून मिनिटभरात किती वेळा उठबस होते, ते मोजले. नऊ वेळा झाली. आजी वैतागली. “अगं पोरी, दुखणं छातीत, आणि तू पाय कसले बघतेस?”

बाई हसून म्हणाल्या, “आजी, हंडा उचलायला ताकद लागते. पण तो विहिरीपासून घरापर्यंत आणायला?”

“तग लागतो,” आजी लगेच म्हणाली.

“मला दोन्ही मोजायचंय.”

शेवटी चालण्याची परीक्षा झाली. तीस मीटर लांबीच्या ओसरीत सहा मिनिटे, जमेल तितके चालायचे. थांबायची मुभा, पण घड्याळ थांबत नाही. 1968 साली कूपर नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकन हवाई दलातल्या जवानांची बारा मिनिटांची धाव घेऊन त्यांचा दमसास अजमावला. 1976 मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी जुनाट श्वासविकाराच्या रुग्णांसाठी तिचे बारा मिनिटांचे चालणे केले आणि 1982 मध्ये ते सहा मिनिटांवर आणता येते असे दाखवले. जवानांची ती परीक्षा अशी फिरत फिरत माझ्या नऊवारीतल्या आजीपर्यंत आली होती.

चौथ्या मिनिटाला आजी भिंतीला हात लावून थांबली. मी धावले, तर बाईंनी हाताने मला अडवले. त्यांचा मला रागच आला. अर्ध्या मिनिटाने आजी आपली आपण चालू लागली. एकूण 216 मीटर भरले. मग बाईंनी शून्य ते दहाच्या पट्टीवर विचारले, दम किती लागला, पाय किती थकले? आजीने विचार करून सांगितले, “दम चार. पाय सात.”

मी चमकले. आम्ही सारे तिच्या छातीकडे बघत होतो आणि ती थांबली होती पायांमुळे! बाईंनी समजावले की, या आजारात मांडीचे स्नायू दुबळे होतात. न थकता सावकाश काम करणारे तंतू त्यांत कमी होतात. त्यात आजाराचा वाटा असतोच, पण बसून राहण्याचाही मोठा असतो. दम लागतो म्हणून माणूस बसतो, बसल्याने पाय दुबळे होतात आणि दुबळ्या पायांना थोड्या श्रमातच जास्त दम लागतो. मला माझे ते दिवसातून दहा वेळा म्हटलेले वाक्य आठवले आणि मान खाली गेली.

पुढचे आठ आठवडे आजीने व्यायाम केला. पायाला वजन बांधून, खुर्चीवरून उठबस करून, रोज थोडे चालून. पुन्हा तपासणी झाली तेव्हा नळीत फुंकण्याचा आकडा होता तिथेच होता. फुप्फुसे काही बदलली नव्हती. चालणे मात्र 261 मीटरवर गेले होते. तीस मीटर वाढले तरी माणसाला रोजच्या जगण्यात फरक जाणवतो म्हणतात. आमच्या घरापासून तुळस त्याहूनही जवळ आहे.

आता सकाळी आजी तांब्या घेऊन स्वतः अंगणात उतरते. वाटेत धुण्याच्या दगडापाशी थांबते, श्वास घेते, पुन्हा निघते. मी दारात उभी राहून बघते. ‘उठू नकोस, मी आणते’ हे शब्द अजून ओठांवर येतात. ते मी गिळते.

आजीला दम लागतो, आणि मला तो धरावा लागतो.