पाचवा तुकडा आणि आपली जर्नल

जर्मनीत अडीच महिन्यांची संशोधन इंटर्नशिप करून आलो, त्याला आता महिना होत आला. भेटेल तो विचारतो, तिकडचं वर्क कल्चर कसं असतं रे? लोकांना ऐकायचं असतं की पाचला सगळे घरी जातात, रविवारी दुकानं बंद असतात आणि प्रोफेसरला नावाने हाक मारतात. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या. तिसरी आमच्या विभागात तरी खोटी. तिथे प्रोफेसरांशी आडनाव घेऊन, आदरानेच बोलायचे. पण त्यांच्या आकडेमोडीत चूक दिसली तर मास्टर्सचा पोरगा सगळ्यांसमोर सांगायचा आणि ते शांतपणे टिपून घ्यायचे.

मला मात्र खरा फरक कळला तो माझ्याच लबाडीमुळे.

काम साधं होतं. अ‍ॅल्युमिनियमचे पाच तुकडे मशीनवर ओढून तोडायचे आणि कितव्या ताणाला तुटतात ते लिहायचं. चार तुकडे जवळपास सारख्या ताणाला तुटले. पाचवा मधोमध न तुटता पकडीजवळ तुटला, तोही बराच आधी. मी तक्त्यात चारच लिहिले. खोटं कशाला बोलू, तेव्हा त्यात काही चुकतंय असं वाटलंही नाही.

माझी गाइड पीएच.डी. करणारी मुलगी होती. तक्ता बघून म्हणाली, "पाच कापले होते ना?" म्हटलं, पाचवा खराब निघाला. ती चिडली नाही. फक्त विचारलं, "त्याची फाइल आहे? तुकडा कुठे आहे?" तुकडा मी भंगाराच्या डब्यात टाकला होता. तिने तो शोधून काढला, मग मशीन तपासलं. वरची आणि खालची पकड एका रेषेत नव्हती. म्हणजे ओढताना तुकडा थोडा वाकतही होता. म्हणजे माझ्या त्या चार 'चांगल्या' रीडिंगवरही भरवसा ठेवता येत नव्हता!

आठवड्याचं काम पुन्हा करावं लागलं. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये तिने सगळं सांगितलं, "आमच्याकडून चूक झाली" असं म्हणून. आणि वर म्हणाली, या आठवड्यात सगळ्यात उपयोगी पडला तो पाचवा तुकडा. माझी मान काही वर होईना.

त्या रात्री विचार केला, मी हे शिकलो कुठे? उत्तर सोपं होतं. फर्स्ट इयरपासून. वीस जणांची बॅच, एक मशीन, दोन तास. एक जण रीडिंग घेणार, बाकीचे उतरवून घेणार. उत्तर आधीच माहीत, स्टीलचा यंग्ज मोड्युलस साधारण २०० गिगापास्कल. मग उलटं गणित करून रीडिंग जुळवायची. नाहीच जमलं तर सीनियरची फाइल आहेच. ग्राफ सरळ आला की सही. वाकडा आला की "परत लिहून आण". परत करून बघ, असं मला चार वर्षांत कोणी म्हटलं नाही.

सरांना दोष देत नाही. त्यांच्यावर तासिका, पेपर तपासणी आणि समितीची कागदपत्रं यांचा ढीग असतो. पण यात आपण मुलांना मशीन शिकवत नाही, आकडे जुळवायला शिकवतो. उद्या हीच मुलं पुलाच्या काँक्रीटचे क्यूब तपासणार आहेत.

जर्मन लोक जन्मतः प्रामाणिक असतात असं अजिबात नाही. तिथेही खोट्या संशोधनाची प्रकरणं झाली आहेत. म्हणून त्यांनी नियम केले. डीएफजी या त्यांच्या संशोधन निधी देणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूळ डेटा सहसा १० वर्षं जपायचा असतो. कोणीही कधीही मागू शकतो म्हटल्यावर माणूस लपवायच्या भानगडीत पडत नाही.

आपल्याला एवढं नको. एकच विनंती आहे, शिकवणाऱ्या सगळ्यांना. जर्नलच्या दहा मार्कांतले दोन मार्क 'काय चुकलं आणि का' यासाठी ठेवा. मशीन नवं लागत नाही, निधी लागत नाही.

आणि ज्युनियर्सना : वाकडं रीडिंग आलं तर खोडू नका. बाजूला तारीख टाकून तसंच लिहा. मी तो तुकडा मागून घेतलाय. सध्या टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवलाय.