वुडवर्ड रस्त्यावरच्या जुन्या गाड्या

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही दोघं आणि बारावी झालेला मुलगा अमेरिकेत, मिशिगन राज्यात आपाकडे गेलो होतो. आपा डिअरबर्नला राहते. काय काय पाहायचं याची यादी मुलानं निघण्याआधीच केली होती आणि तिच्यात पहिलं नाव होतं डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूचं. रस्ता काय पाहायचा? पण मोटारसायकलवरून घरात सहा महिने धुसफूस चालली होती. निदान एवढं तरी त्याच्या मनासारखं होऊ द्यावं, असं ठरलं.

हा रस्ता डेट्रॉइट नदीच्या काठाहून निघतो आणि उत्तरेला पॉन्टिअ‍ॅक गावापर्यंत चाळीसेक किलोमीटर जातो. शनिवारी संध्याकाळी दूल्हाभाईंनी आम्हाला रॉयल ओक या उपनगरात नेलं. दुकानांच्या पार्किंगमध्ये वयस्क माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसली होती. प्रत्येकाच्या शेजारी त्याची जुनी गाडी, बॉनेट उघडं, रंग असा की तोंड दिसावं. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तर इथं अशा गाड्यांची जत्राच भरते. १९९५ साली शेजारच्या फर्नडेलमध्ये मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे उभे करायचे म्हणून ती सुरू झाली.

लाल मस्टँगपाशी मुलगा थबकला. गाडीचे मालक पंचाहत्तरी ओलांडलेले. मुलाची नजर पाहून त्यांनी काही न विचारता दार उघडून दिलं आणि मग तासभर बोलत राहिले. महायुद्धानंतर जन्मलेली पिढी १९६४ च्या सुमारास अठरा वर्षांची झाली. बापांना कारखान्यांत बरा पगार होता, गॅलनभर, म्हणजे पावणेचार लिटर पेट्रोल तीसेक सेंटला मिळे. मोटार कंपन्यांनी ही पोरं अचूक हेरली. पॉन्टिअ‍ॅकनं मध्यम गाडीत मोठ्या गाडीचं ६.४ लिटरचं इंजिन बसवून जीटीओ काढली. १७ एप्रिल १९६४ ला फोर्डची मस्टँग आली, किंमत २,३६८ डॉलरपासून. पहिल्याच दिवशी बावीस हजार मागण्या नोंदल्या गेल्या!

रात्री ही पोरं वुडवर्डवर येत. एका ड्राइव्ह-इन हॉटेलापासून दुसऱ्यापर्यंत नुसत्या फेऱ्या मारायच्या. गाडीतच बसून बर्गर खायचा, मुलींवर छाप पाडायची, आणि सिग्नलला शेजारी कोणी तोडीचा उभा राहिला तर पुढच्या सिग्नलपर्यंत शर्यत. पोलिसांनी पकडलं की बापाचा मार. हे सांगताना ते गृहस्थ असे हसले की आम्हाला आमच्या वर्गातली, सायलेन्सर काढून गाडी फिरवणारी पोरं आठवली. त्यांच्या किल्ल्या आम्ही टेबलाच्या खणात ठेवतो. कुठंच जायचं नसताना पेट्रोल जाळणं हा आमच्या लेखी इस्राफच, आणि शर्यतीत जीव जातो तो वेगळाच. हे आम्ही तिथंही बोलून दाखवलं. मुलानं खिडकीबाहेर पाहिलं. मालक मात्र म्हणाले, ‘माझे वडील अगदी हेच म्हणायचे.’

ही गाडी १९६९ ची. तिच्या नंबरातलं ‘एफ’ हे अक्षर दाखवून ते म्हणाले, ही डिअरबर्नच्या कारखान्यातली आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं उलटं, शहराकडे गेलो. फर्नडेल संपतं तिथं एट माइल नावाचा रस्ता आडवा येतो. तो ओलांडला की डेट्रॉइट शहर. त्या काळी ही गोऱ्या आणि काळ्या वस्त्यांमधली वेस होती. पश्चिमेला थोड्या अंतरावर सहा फूट उंच, जवळजवळ आठशे मीटर लांब भिंत अजून उभी आहे. काळ्या वस्तीशेजारी गोऱ्यांसाठी घरं बांधताना सरकारी हमीचं कर्ज मिळावं म्हणून बिल्डरनं ती १९४१ साली घातली. आदल्या संध्याकाळी ऐकलेल्या गमतीजमती या वेशीच्या अलीकडच्या होत्या, हे तेव्हा लक्षात आलं.

पुढं हायलंड पार्क लागतं. इथल्या, या रस्त्यावरच्याच फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली फिरत्या पट्ट्यावर मोटारी जोडणं चालू झालं. पुढच्या वर्षी आठ तासांना पाच डॉलर मजुरीची घोषणा झाली आणि सिरिया-लेबनॉनपासून माणसं आली. त्यांनी कारखान्याजवळ १९२१ साली मशीद बांधली. मशीद म्हणूनच उभारलेली अमेरिकेतली ती पहिली इमारत मानतात. ती फार वर्षं टिकली नाही.

वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरचं मोटाउनचं घर आम्ही बाहेरूनच पाहिलं. बेरी गॉर्डी हा काळा तरुण लिंकन-मर्क्युरीच्या कारखान्यात पट्ट्यावर कामाला होता. १९५९ मध्ये घरच्यांकडून आठशे डॉलर उसने घेऊन त्यानं गाण्याची कंपनी काढली. १९६५ साली त्याच्या गायिकांचं चित्रीकरण फोर्डच्या कारखान्यात, मस्टँग जोडल्या जात असताना झालं. ही गाणी एट माइलच्या दोन्ही बाजूंच्या गाडी-रेडिओवर वाजत. माणसांना मात्र ती वेस सहज ओलांडता येत नव्हती. जुलै १९६७ मध्ये शहर पेटलं, त्रेचाळीस माणसं मेली.

डिअरबर्नला परतलो. मगरिबनंतर दूल्हाभाईंनी मशिदीत एका येमेनी बुजुर्गांशी ओळख करून दिली. फोर्डच्या रूज कारखान्यात त्यांची तीस वर्षं गेली. १९६८ साली, विसाव्या वर्षी ते मस्टँगच्या पट्ट्यावर दारं बसवायला लागले. मुलानं उत्साहानं विचारलं, मग तुम्ही वुडवर्डवर जायचात? ते म्हणाले, ‘दुपारची पाळी मध्यरात्री सुटायची. पगाराचे पैसे गावी जायचे, सहा बहिणी होत्या. मला पहिली गाडी घ्यायला नऊ वर्षं लागली, आणि तीही जुनी.’ बोलण्यात तक्रार नव्हती. आमचे अब्बा कुवेतहून पत्रात हिशेब लिहून पाठवत, तसाच सूर होता.

मुलानं मोबाइलवर लाल मस्टँगचा फोटो काढून दाखवला. साल ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि दाराच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत बारकाईनं पाहिली.

‘सरळ आहे,’ ते म्हणाले आणि मोबाइल परत दिला.