आत्मविश्वासाचं टार्गेट

'विक्री-प्रतिनिधींनी आत्मविश्वास कसा वाढवावा, यावर सोपं काही लिहा,' अशी संपादकांची फर्माईश. प्रस्तुत लेखिकेला उद्योग-मानसशास्त्रात इतकी वर्षं काढूनही ही फर्माईश चुकलेली नाही. कंपन्याही तेच मागतात. क्लोजिंगला सेल कमी पडला, की लावा शिबिर!

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी 1977 साली मांडलं, की 'हे मला जमेल' हा विश्वास कामागणिक वेगळा असतो. डॉक्टरांसमोर दोन मिनिटांत औषधाची बाजू मांडणारा एमआर (औषध कंपनीचा विक्री-प्रतिनिधी) घरी मुलीच्या गणिताच्या वहीपुढे गडबडून जाईल. तिथे दवाखान्यातला विश्वास कामाला येत नाही.

तरी तो निरुपयोगी नाही. सेलिगमन आणि शुलमन यांनी 1986 साली अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफच्या विमा एजंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नकार मिळाल्यावर 'आपल्यातच खोट आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'आज वेळ जमली नाही' म्हणणाऱ्यांनी जास्त पॉलिसी विकल्या, आणि नोकरीही कमी सोडली.

आता खरं भांडण. (वाचकांनी थोडं सोसावं.) आत्मविश्वास वाढला की बर्नआउट, म्हणजे कामाने पार पिळून निघणं, टळतं, असं शिबिरात सांगतात. बर्नआउट मोजण्याची सर्वांत प्रसिद्ध प्रश्नावली क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांची, 1981 सालची. तिचे तीन भाग: भावनिक थकवा, माणसांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही घडतंय ही भावना कमी होणं. हा तिसरा भाग म्हणजे जवळजवळ आत्मविश्वासाचीच मोजणी! मग 'आत्मविश्वास जास्त, बर्नआउट कमी' असा निष्कर्ष निघाला तर त्यात नवल कसलं? निम्मं उत्तर प्रश्नातच दिलेलं. डेन्मार्कच्या टाग क्रिस्टेनसेन यांच्या गटाने 2005 मध्ये कोपनहेगन प्रश्नावली काढली, ती थकव्यापुरतीच ठेवली. शिबिरवाल्यांच्या स्लाइडवर यातलं काहीही नसतं.

घराचं काय? ग्रीनहाउस आणि ब्यूटेल यांनी 1985 मध्ये नोकरी आणि घर यांच्या ओढाताणीची तीन कारणं सांगितली: वेळ, ताण आणि वागण्याच्या सवयी. एमआरच्या बाबतीत तिन्ही लागू. आउट-स्टेशनचा मुक्काम, महिनाअखेरची धास्ती, आणि दिवसभर समोरच्याला पटवत राहण्याची सवय, जी बायकोपुढे अजिबात चालत नाही. आत्मविश्वासाने ताण थोडा हलका होतो. मुक्कामाची रात्र काही त्याने घरी येत नाही. उलट जो जोमाने विकतो, त्याचंच टार्गेट पुढच्या वर्षी वाढतं, आणि 'तुला जमतं रे' म्हणत शेजारचा रिकामा एरियाही त्याच्याच गळ्यात पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता, कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हटलं. कामाच्या ठिकाणच्या, हे शब्द सोयीने गाळले जातात.

तेव्हा एरिया मॅनेजर मंडळींना विनंती: टीममधला कुणी गप्प झाला, तर त्याला शिबिराला धाडण्याआधी त्याच्या टूर प्रोग्रॅममधले मुक्काम मोजा. आणि रिपोर्टसाठी रात्री नवानंतर फोन करू नका.