शून्य-शून्य

आमच्या होस्टेलमध्ये फुटबॉल म्हणजे एकतर इंग्लंड, नाहीतर स्पेन. मँचेस्टरवाले एका बाजूला, बार्सिलोनावाले दुसऱ्या बाजूला, आणि मधल्यामध्ये बिचारे रेक्टर सर, "अरे, उद्या सबमिशन आहे ना तुमचं?" म्हणत कॉमन रूमचा दिवा घालवायला आलेले. आफ्रिकेत पण फुटबॉल खेळतात एवढं आम्हाला माहीत होतं. पण तिथे सगळ्या खंडाची एक स्पर्धा होते, त्या स्पर्धेत शिरायलाच आधी पात्रता फेरी खेळावी लागते, आणि त्या फेरीतल्या एका मॅचसाठी आपण एक अख्खी संध्याकाळ पोटात गोळा घेऊन बसू, असं मला कुणी फर्स्ट इयरला सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

हे सगळं झालं माझ्या रूम पार्टनरमुळे. तो सुदानचा. ओमदुर्मानचा. म्हणजे राजधानी खार्टूमच्या समोर, नाईलच्या पलीकडच्या काठावरचं गाव. शिष्यवृत्ती मिळवून इकडे शिकायला आला आणि माझ्या नशिबानं माझ्याच खोलीत पडला.

पहिल्याच दिवशी मेसमध्ये कुणीतरी ओरडलं, "ए नायजेरिया, जरा जग दे इकडे!" सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? त्यानं जग दिला आणि शांतपणे म्हणाला, "आय ॲम फ्रॉम सुदान." आम्हाला काय, आफ्रिका म्हणजे एकच देश! वर्षभरात तो टपरीवर बसून इथली हिंदी शिकला आणि मग त्याच मुलाला म्हणाला, "नायजेरिया नक्को बोलो भाऊ. नायजेरिया हमारे घर से बहोत दूर है. मैं तेरे को श्रीलंका बोलूं तो चलेगा क्या?" त्या दिवसापासून नायजेरिया बंद झालं आणि त्याचं नाव पडलं मामू.

मामूला इथलं काय आवडलं असेल तर भाकरी. त्यांच्याकडे ज्वारीचं पीठ आंबवून पातळ पोळीसारखा किस्रा करतात. मेसच्या मावशींनी पहिल्यांदा ज्वारीची भाकरी वाढली तेव्हा त्यानं वास घेतला आणि चक्क डोळे मिटले. तेव्हापासून मावशी त्याला एक भाकरी जास्त वाढतात, आम्ही मागितली की मात्र ओरडतात! त्यांच्या गेझिरा भागात काळी माती, कापूस आणि ज्वारी. मी परभणीकडचा. मनात म्हटलं, अरे, हा तर आपल्याच गावचा निघाला.

रविवारी सकाळी तो आमखास मैदानावर खेळायला जायचा, मला पण ओढून न्यायचा. येताना भडकल गेटपाशी चहा. एकदा मी जरा शहाणपणा करत सांगितलं, की हा दरवाजा मलिक अंबरनं १६१२ मध्ये बांधला. तो मूळचा हबशी. गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आपलं शहर. पुढे त्याचं औरंगाबाद झालं आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर.

मामूनं दरवाजाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "हबशी मतलब इथिओपिया?"

"हो."

"फिर तो मैं दुश्मन के शहर में रह रहा हूं!"

आणि मग चहा थंड होईपर्यंत त्यानं मला २०१२ ची गोष्ट सांगितली. आफ्रिका कपची शेवटची पात्रता फेरी. सुदान विरुद्ध इथिओपिया, दोन मॅच, एक इथे एक तिथे. ओमदुर्मानला सुदान ५-३ नं जिंकला. मामू तेव्हा बारा वर्षांचा, वडिलांच्या खांद्यावर बसायचं वय संपलेलं, तरी बसला म्हणे! पुढच्या महिन्यात अदिस अबाबाला इथिओपिया २-० नं जिंकला. दोघांचे गोल पाच-पाच. पण परक्या मैदानावर ज्याचे गोल जास्त तो पुढे, असा नियम. इथिओपियाचे ओमदुर्मानमधले तीन गोल कामी आले. ३१ वर्षांनी इथिओपिया स्पर्धेला पात्र ठरला आणि सुदान घरी बसला.

"पाच गोल करून पण बाहेर?" मी विचारलं.

"हौ. अब्बा बोले, गोल कितने किए वो मत गिन, कितने खाए वो गिन."

एप्रिल २०२३ मध्ये त्याच्या देशात युद्ध पेटलं. सैन्य एका बाजूला, रॅपिड सपोर्ट फोर्सेस दुसऱ्या बाजूला, आणि लढाई थेट खार्टूम-ओमदुर्मानच्या गल्ल्यांत. पेपरात आपल्याकडे चार ओळी यायच्या. मामूचा फोन लागेना. रात्री दोन वाजता डोळे उघडले तर तो कॉटवर बसलेला, मोबाईल हातात, नंबर फिरवतोय. सतराव्या दिवशी फोन लागला. आई, वडील आणि बहीण घर सोडून निघाले होते. मोठा भाऊ आधीच कैरोत होता, शेवटी सगळे तिकडे पोहोचले. घराचं काय झालं, कुणाला माहीत नाही. त्या युद्धात एक कोटीहून जास्त माणसांना घर सोडावं लागलं. मला हा आकडा वाचून काही वाटत नव्हतं. समोरच्या कॉटवरचा एक माणूस बघून वाटत होतं.

देशातलं फुटबॉलही बंद पडलं. ओमदुर्मानचे दोन मोठे क्लब, हिलाल आणि मर्रीख, म्हणजे तिथलं ईस्ट बंगाल-मोहन बागान, हे परदेशात, मॉरिटानियाच्या लीगमध्ये जाऊन खेळू लागले. आणि अशा अवस्थेत २०२४ मध्ये २०२५ च्या आफ्रिका कपची पात्रता फेरी आली. ४८ संघ, बारा गट, प्रत्येक गटात चार. घरी-बाहेर मिळून प्रत्येकाला सहा मॅच, आणि गटातून दोघे पुढे. सुदानच्या गटात अंगोला, नायजर आणि घाना. घाना म्हणजे चार वेळचा विजेता. सुदानला तर 'घरची' मॅच खेळायला घरच नव्हतं! घाना आणि अंगोलाविरुद्धच्या त्यांच्या घरच्या मॅच झाल्या लिबियातल्या बेनगाझीला.

आता यातली गंमत बघा. सुदानचा कोच क्वेसी अपिया हा स्वतः घानाचा. २०१४ च्या वर्ल्ड कपला तोच घानाचा कोच होता. आणि सुदाननं आफ्रिका कप एकदाच जिंकलाय, १९७० मध्ये खार्टूमला, तोही फायनलमध्ये घानाला १-० नं हरवून. १० ऑक्टोबरला, इकडे कर्णपुऱ्याची यात्रा भरात असताना, अक्रा इथे सुदाननं घानाला ०-० वर अडवलं. आणि १५ तारखेला, कोजागरीच्या आदल्या रात्री, बेनगाझीत २-० नं हरवलं! दुसऱ्या दिवशी गच्चीवर आटीव दूध मामूनं स्वतःच्या पैशानं आणलं. "कशाबद्दल?" असं विचारणाऱ्याला तो नुसतं "घाना!" म्हणायचा.

पण नोव्हेंबरमध्ये नायजरनं सुदानला ४-० नं धुतलं. शेवटची मॅच राहिली. सुदानचे गुण सात, नायजरचे चार. १८ नोव्हेंबरला सुदान बेनगाझीत अंगोलाशी खेळणार आणि नायजर अक्राला घानाशी.

आम्ही इंजिनिअर ना! मी वहीच्या मागच्या पानावर टेबल मांडलं. "मामू, टेन्शन कायको? नायजरला घानाला घानात जाऊन हरवावं लागेल. होणार आहे का ते? आणि हरवलं तरी सात-सातच होतील."

मामूनं पेन घेतलं आणि खाली लिहिलं: १-०, ०-४. "दोन संघांचे गुण सारखे झाले तर आधी त्या दोघांतल्याच मॅच बघतात. आम्ही एक गोल केला, चार खाल्ले. सात-सात झाले तर आम्ही बाहेर."

मग त्यानं दुसरी गोष्ट सांगितली, २०११ ची. दक्षिण आफ्रिकेची शेवटची मॅच सिएरा लिओनशी, स्वतःच्या घरी. त्याच दिवशी नायजर इजिप्तकडून ३-० नं हरला. दक्षिण आफ्रिकेला वाटलं, गोलफरकात आपण पुढे, मग बरोबरी पुरे. ०-० झालं. शिट्टी वाजली आणि सगळे मैदानात नाचले. थोड्या वेळानं कळलं, की नायजर, दक्षिण आफ्रिका आणि सिएरा लिओन तिघांचेही नऊ गुण, आणि नियमाप्रमाणे आधी तिघांतल्याच मॅच धरायच्या. त्यात नायजरचे सहा, बाकी दोघांचे पाच-पाच. नायजर पहिल्यांदाच आफ्रिका कपला गेला आणि नाचणारे घरी राहिले!

"नियम पढ़ने का भाऊ," मामू म्हणाला. ए.टी.के.टी.चा नियम निकाल लागल्यावर वाचणाऱ्या माझ्यासारख्याला हे बरोबर लागलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार. विधानसभेच्या प्रचाराचा शेवटचा दिवस. संध्याकाळी भोंगे थांबले आणि शहर एकदम शांत वाटायला लागलं. मॅच आपल्याकडच्या टी.व्ही.वर कुठे दिसणार! कैरोहून मामूच्या भावानं व्हिडिओ कॉल लावून फोन टी.व्ही.समोर धरला. चित्र अडकत होतं, अरबी कॉमेंट्री तुटत होती. खोलीत आम्ही अकरा जण. मँचेस्टरवाले होते, बार्सिलोनावाले होते आणि पहिल्या दिवशी 'नायजेरिया' म्हणणाराही होता. उरलेल्या एका फोनवर अक्राचा स्कोअर. आणि फोनच्या कोपऱ्यात, टी.व्ही.च्या बाजूला, मामूच्या वडिलांचा नुसता गुडघा दिसत होता. तो गुडघा सारखा हलत होता.

सुदानला एक गुण हवा होता. म्हणजे फक्त गोल खायचा नव्हता. मी आयुष्यात इतकी कंटाळवाणी मॅच इतक्या जीव मुठीत धरून पाहिलेली नाही. बॉल बाहेर गेला तरी टाळ्या. थ्रो-इन मिळाला तरी टाळ्या. रेक्टर सर दार उघडून आत आले, आता दिवा जाणार असं वाटलं, पण त्यांनी हळूच विचारलं, "किती?"

"शून्य-शून्य, सर."

"मग?"

"तेच पाहिजे, सर."

सर कॉटच्या कडेला टेकले.

मॅच ०-० संपली. सुदान पात्र! खोलीत जो दंगा झाला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला. मामू मात्र ओरडला नाही. त्यानं फोन जवळ घेतला. पलीकडून टी.व्ही. बाजूला झाला आणि पहिल्यांदाच त्याच्या वडिलांचा चेहरा दिसला. दोघंही काही बोलेनात. मग वडील अरबीत काहीतरी म्हणाले आणि मामू रडायला लागला.

आणि घाना-नायजर? नायजर २-१ नं जिंकला, घानात जाऊन! माझं टेबल पार चुकलं होतं. सुदाननं त्या दिवशी एक गोल खाऊन मॅच घालवली असती तर सात-सात झाले असते आणि सगळं संपलं असतं. २००४ नंतर पहिल्यांदाच घाना स्पर्धेबाहेर आणि ज्याच्या देशात लीगही चालू नाही तो सुदान आत. पुढे मोरोक्कोत काय झालं ती वेगळी गोष्ट.

नंतर मी विचारलं, वडील काय म्हणाले? तो म्हणाला, "बोले, आज घर में मॅच था."

बेनगाझीतली मॅच, कैरोतला टी.व्ही., आणि आमच्या होस्टेलची दहा बाय बाराची खोली. यातलं घर कुठलं, ते मी त्याला विचारलं नाही.

मित्रांनो, आपण सगळे डिस्टिंक्शनच्या, पॅकेजच्या मागे असतो. स्कोअर मोठा पाहिजे, असंच शिकलोय. पण काही दिवस असे असतात की त्या दिवशी फक्त हरायचं नसतं, नव्वद मिनिटं नुसतं उभं राहायचं असतं. शेजारच्या कॉटवर असा दिवस काढणारा कुणी असेल तर त्याला स्कोअर जरूर विचारा. आणि हो, नियम आधी वाचून ठेवा!